सीआरपी उतरवणारा अंगारा

इब्रामपूरच्या मांडवात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. शीतळबाबा मासळीच्या बर्फपेटीवर पाय ठेवून बसले होते आणि त्यांच्यामागे, देवाची तसबीर असायची त्या जागी, हळद फासलेला, हार घातलेला एक रक्ताचा रिपोर्ट टांगला होता. सर्वणच्या रघुनाथ गावसाचा.

"सीआरपी!" बाबा गरजले. "अठ्ठेचाळीस आसली. आता किती?"

"सात!" मांडव ओरडला. निम्म्या लोकांना सीआरपी हा राजकीय पक्ष वाटत होता. पण कोणाच्याही जागा अठ्ठेचाळिसावरून सातावर आल्या की माणसाला आनंद होतोच.

रघुनाथचा मुलगा सिद्धेश पहिल्या रांगेत, बापाच्या खुर्चीशेजारी, मान खाली घालून बसला होता. तो रिपोर्ट लॅमिनेट करून त्यानेच आणला होता. तुयेच्या एका औषध कारखान्यात तो गोळ्या तपासायचा. लेबलावर आहे तेच आत आहे का, एवढंच त्याचं काम. सहा वर्षांत एकही गोळी त्याने न तपासता सोडली नव्हती. वडिलांना मात्र बाबांचा अंगारा तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, दह्यातून चाटवला होता.

झालं होतं असं. खाणीवर ट्रक चालवणाऱ्या रघुनाथच्या मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लवकर करू. रक्तात दाहाचे मार्कर, म्हणजे सीआरपी वगैरे, वाढलेत. अशा रुग्णांचं पुढचं बरेचदा कठीण जातं, म्हणून उशीर नको." डोक्यातली सूज उतरायला गोळ्याही दिल्या. सिद्धेशच्या आईला, आनंदीला, यातलं एकच ऐकू आलं: मारकर वाढलेत.

"हे मारकर खंयचे रे?" तिने घरी येऊन विचारलं. गोव्यात आडनाव आलं की मागोमाग गाव येतंच.

सिद्धेशला मार्कर म्हणजे काय ते ठाऊक होतं. पण बापाच्या डोक्याला सुरी लागणार या कल्पनेने त्याची हिंमत आधीच गेली होती. आई बाबांकडे निघाली, तेव्हा मोटारसायकल त्यानेच काढली.

बाबांनी तर या गैरसमजाचे हात जोडून आभार मानायला हवे होते. "ट्यूमर म्हणजे कितें, बाय? तू... मर! कोण म्हणता? मारकर! खुद्द डॉक्टर सांगता, तरी तुमका कळना?" त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या तुळशीत ओतायला लावल्या आणि ऑपरेशनची तारीख चुकवायला लावली. करणी करणारा हा मारकर शोधायला घरच्यांनी मतदारयादी चाळली. मारकर मिळाला नाही. डिचोलीत पंक्चर काढणारा एक मणेरकर मिळाला. आठवडाभर त्याच्यावरच पाळत ठेवली.

आणि अंगारा लागू पडला! तीन दिवसांत डोकेदुखी गेली. रघुनाथ एका बैठकीत पाच उंडे पाव खाऊ लागला. तोंड गोल झालं. त्याला लोक तेज म्हणाले.

आता मांडवात बाबा पुढचा रुग्ण बोलावणार, तोच प्राजक्ता उठली. ही सिद्धेशची मावसबहीण, डिचोलीच्या लॅबमध्ये कामाला. रघुनाथचं रक्त तिनेच काढलं होतं. ती सरळ रिपोर्टापाशी गेली आणि त्यावर फासलेली हळद ओढणीने पुसली.

"ह्यो दोन ओळी हळदीखाला कित्याक?" तिने विचारलं. "पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल वाढून ब्याण्णव, लिम्फोसाइट उतरून पाच. सीआरपी खाली आणि ही जोडी अशी विस्कटलेली, म्हणजे पोटात स्टेरॉइड जात असणार. सिद्धेश, तू गोळ्यो तपासतंस मरे? अंगारो तपासलंस?"



"तपासला," सिद्धेश म्हणाला. "शुक्रवारी."

वडिलांच्या हातातून चहाचा कप दुसऱ्यांदा पडला, तेव्हा त्याने चिमूटभर अंगारा कारखान्यात नेला होता. निघालं डेक्सामेथासोन. राखेत कुटलेलं स्टेरॉइड. डॉक्टरांच्या ज्या गोळ्या तुळशीला घातल्या, त्यांतलंच.

"पळयलांत?" बाबांनी क्षणही दवडला नाही. "विज्ञानानय मानलां, अंगाऱ्यात शक्ती आसा!"

चार-पाच टाळ्या पडल्यासुद्धा.

"शक्ती आहे, पण ती गोळीची," सिद्धेश म्हणाला. "त्या औषधाने गाठीभोवतीची सूज उतरते, म्हणून दुखणं थांबतं. रक्तातला दाह दबतो, म्हणून सीआरपी उतरते. गाठ आहे तिथेच राहते. वाढते. तो आकडा फक्त आजाराचा अंदाज देतो. आकडा खाली ओढला म्हणून आजार खाली येत नाही."

खुर्चीवर बसलेला रघुनाथ सावकाश म्हणाला, "म्हणजे इंजिनातलें तेल सोंपलां, आणि तुमी नुसतो तांबडो दिवो काडलो?"

"होय," सिद्धेश म्हणाला.

"तुका शुक्रारा कळलां. आज आयतार. हे दोन दीस माका कितें दिलंस?"

"तोच अंगारा." थांबवला असता, तर का थांबवला ते सांगावं लागलं असतं.

"स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतंच," प्राजक्ता हळूच म्हणाली. "डॉक्टर कमी करत आणतील." म्हणजे तीन आठवड्यांत सिद्धेशच्या हातून एकच गोष्ट बरोबर घडली होती, आणि तीही लाजेने. तोवर शीतळबाबा बर्फपेटीसकट गाडीत बसले होते.

सोमवारी नवा स्कॅन झाला. गाठ वाढली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन अजून करता येईल; शब्द मात्र देता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "तीन आठवडे कोणी थांबवलं?"

आनंदीने बाबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"मी," सिद्धेश म्हणाला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं. कोणी पुडी दिली तर आत काय आहे ते विचारा. रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. डॉक्टरांचा शब्द कळला नाही, तर त्याच खुर्चीत बसून पुन्हा विचारा, दहादा विचारा. तिथे वाटणारी लाज दोन मिनिटांची असते. सिद्धेशची अजून गेलेली नाही.