तळाशी न पोचलेली पळी

"मुकी आहे गं, पण बरंच आहे. मुकी माणसं भांडी आपटत नाहीत."

सासूबाई हे आपल्या बहिणीला सांगत होत्या, ओट्यापाशी, हलक्या आवाजात. ज्या सुनेबद्दल चाललं होतं ती दाराआड फडक्यानं मला पुसत होती. लग्नात आलेल्या भांड्यांवरचे कागद अजून निघायचे होते, इतकी ती नवी. तिनं ऐकलं. पुसायची थांबली नाही, की जोरानं पुसायला लागली नाही. मी एक स्टीलची पळी. मला चटका कळत नाही, गारवाही कळत नाही. त्या क्षणी तिचे हात मला माझ्याच जातीचे वाटले.

सध्या मी खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकते. माझ्या जागी लांब दांड्याचा डाव आलाय. वाईट वाटतं का, ते सांगता येत नाही. वाटायचं राहूनच गेलंय. विनंती एवढीच, की मला पुन्हा त्या मोठ्या पातेल्यात बुडवू नका. का ते सांगते.

कारखान्यात पत्र्यावर साचा दाणकन बसला आणि मी पळी झाले. आधी त्यातून झाकणं काढली होती. उरलेल्या तुकड्यात जेवढा बसला तेवढा दांडा मला मिळाला. आखूड. माझं नशीब असं उरल्यासुरल्यावर ठरलं.

सासूबाईंनी मला एका छोट्या पातेल्याबरोबर घेतलं. पुढच्या खोलीत त्यांनी पाळणाघर काढलं होतं, मोजकी पोरं होती, तळ मला सहज लागायचा. पुढे पोरं वाढली. मोठं पातेलं आलं, खोल. मी तीच राहिले. खाली जावं तर सासूबाईंची बोटं वाफेत भाजायची. म्हणून त्या मला वरच्यावर बुडवायच्या आणि वरचं वरचं वाढायच्या.

सवय आधी लागली, कारण मागाहून सापडलं. डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं, लहानांना मऊ द्या. या घरात त्या मऊचं पातळ केव्हा झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. कुणी विचारलंच तर सासूबाईंचं उत्तर तयार असायचं, की लहानांना पातळच पचतं.

त्यांचा हात मात्र आखडता नव्हता, हे सांगायलाच हवं. डाळ, तांदूळ, गाजर, भोपळा, कधी उकडलेलं अंडं कुस्करून, सगळं त्या पातेल्यात पडायचं. पडायचं आणि तळाशी जाऊन बसायचं. पोरं वाट्या तोंडाला लावून गटागटा प्यायची. सासूबाई एकेकाचं तोंड पुसत, शहाणं गं माझं, म्हणायच्या. अगदी मनापासून. पोरं झोपली की पातेलं तिरकं करून तळाचं घट्ट घरच्यांच्या ताटांत ओतलं जायचं. सुनेचा नवरा बोटं चाटत म्हणायचा, आईच्या हाताची खरी चव यातच उतरते. आणि सासूबाई शेजारणीला सांगायच्या, काय करणार, पोरांचं उरलेलं खाऊन दिवस काढतोय.

त्या पोरांत एक मुंगी होती. घरचं नाव वेगळं, पण एवढीशी म्हणून सगळे मुंगीच म्हणायचे. मध्ये चालायला लागली होती, मग परत बसूनच राहायला लागली. खेळणं कुणी ओढलं तर सोडून द्यायची. रडायची नाही. भिंतीला टेकून आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. सासूबाईंच्या लेखी ती सगळ्यांत गुणी. हिचा त्रास म्हणून नाही, असं त्या कौतुकानं सांगायच्या. सुनेबद्दलही त्या हेच, याच शब्दांत सांगायच्या. सून ते ऐकायची आणि मुंगीकडे बघायची.

मुंगीची आई कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी केसांत दोऱ्यांचे तुकडे घेऊन यायची. पोरीचं वजन वाढत नाही म्हणून दवाखान्यात तिलाच बोलणी बसायची. सासूबाई समजूत घालायच्या, काहींचं हाडच बारीक असतं, घरी जरा नीट भरवत जा. ती मान हलवायची. घरी पोचेपर्यंत मुंगी तिच्या खांद्यावर झोपलेली असायची.

भांडी घासायचं काम सुनेकडे होतं. पोरांच्या वाट्यांना काहीच चिकटलेलं नसायचं; नुसत्या विसळल्या तरी लख्ख. घरच्यांची ताटं मात्र घासणीनं खरवडावी लागायची. पुष्कळ दिवस ती वाटी एका हातात नि ताट दुसऱ्या हातात धरून नळाखाली उभी राहायची. शेवटी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो हसला. तू बोललीस हेच नवल, म्हणाला, पण सुरुवात आईपासून नको करूस.

एकदा तिनं मला खोल घालून ढवळायला घेतलं. तळापर्यंत पोचायच्या आतच सासूबाईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. गाळ वर येईल, पोरांच्या घशात अडकेल, म्हणाल्या. तिनं सोडून दिलं. मुंगी खेळणं सोडते तसं.

मग एका दुपारी, पोरं झोपलेली, घरचे जेवायला बसलेले, दुसऱ्या वाढीचं पातेलं अजून मंद आचेवर, आणि मुंगीची आई अवेळी दारात उभी राहिली. उद्यापासून मुंगीला आणणार नाही म्हणाली. काम सोडतेय. पोरीकडे नीट बघायला कुणीतरी हवं, असं दवाखान्यात सांगितलंय. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच आटलं असावं.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली.

सासूबाई ताटावरून उठल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "काम नको गं सोडूस. इथं तर ती वाटीभर सगळं संपवते. थेंब ठेवत नाही."

घरी लक्ष कमी पडत असेल, जेवायला आलेली त्यांची बहीण पुटपुटली. सुनेच्या नवऱ्यानं मान डोलावली आणि घास घेतला.

सुनेनं मला उचललं. मनगटापर्यंत हात वाफेत घातला, आणि त्या पातेल्याच्या तळाला मी पहिल्यांदा टेकले. तिला भाजलं असणार. मला नाही. वर आले ती जड होऊन, डाळ, गाजराच्या फोडी, अंड्याचा पिवळा बलक घेऊन. तिनं ते मुंगीच्या वाटीत ओतलं, गाजराची फोड दोन बोटांत दाबून बघितली. लगेच दबली, इतकी मऊ. वाटी मुंगीच्या आईच्या हातात दिली. मग मला टेबलावर ठेवलं. आपटलं नाही.

"मुंगी थेंब ठेवत नाही, आई, खरं आहे," ती म्हणाली. "तिला आपण वाढतोच नुसतं पाणी. तिचं जेवण आपण जेवतोय."