मानीबाईच्या वेणीतली घुगरी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, ऐकलं मात्र असेल. दारव्ह्याच्या बाजारात बंजारा तांड्यावरची बाई चालली की तिच्या कानाशी छुमछुम वाजतं ना, ती मी. मी चांदीची घुगरी आहे, वयानं जुनी आणि स्वभावानं बडबडी. मी आणि माझी जुळी बहीण वेणीत गुंफून दोन्ही गालांवर लोंबतो. सोनारानं घडवतानाच म्हटलं होतं, "हिचा नाद लांबून वळखू येईन." या कौतुकानं मी थोडी फुगलेच.

नवरा असेपर्यंतच बाईनं घुगरी घालायची, अशी आमच्या तांड्याची रीत. मानीबाईच्या लग्नात तिच्या सासूनं, सोनीबाईनं, आम्हाला तिच्या केसांत बांधलं. नवरा डोंगरसिंग दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. १९५७ साली जिनिंगच्या शेठच्या एका नातलगानं त्याला आफ्रिकेत, युगांडा देशात, तीन वर्षांच्या करारावर बोलावलं. तिकडेही कापूस पिकतो, पण यंत्रं दुरुस्त करणारे हात कमी.

जायच्या दिवशी मानीबाईनं त्याच्या हाती भाकरीचं गाठोडं दिलं. तिनं मान खाली घातली, तेव्हा आम्हीच वाजलो. डोंगरसिंग म्हणाला, "रडू नको वं. तीन सालाचं तं काम हाये. पत्र धाडत राहीन."

पाणी आणताना ती रस्त्याकडे वळून पाही आणि आम्ही किणकिणत असू. बायका चिडवत, "मानीची घुगरी आफ्रिकेत आयकू जाते!" खरंच ऐकू जावी, असं मला फार वाटायचं.

पत्रं दारव्ह्याच्या बाबाराव किराणावाल्यांच्या पत्त्यावर येत. तांड्यावर कुणालाच वाचता येत नव्हतं. शेजारच्या गावचे मास्तर वाचून दाखवत. दोन पत्रं नीट आली. तिसरं डोंगरसिंगला जाऊन दोन वर्षं झाल्यावर आलं, बाजाराहून परतणाऱ्या एका माणसाच्या हाती. पाकीट आधीच्यांसारखंच परदेशी होतं, पण त्याचा कोपरा फाटलेला होता.

मित्रांनो, मरणाची खबर देणाऱ्या पत्राचा तेव्हा कोपरा फाडत, आणि असं पत्र घरात नेत नसत. तांड्याच्या नायकानं ते पाहिलं आणि मान हलवली. "वाचून काय करता? परदेशात आपला एकच मानूस हाये."

"याडी, एकदा वाचून तं घेऊ," मानीबाई सासूला म्हणत होती. पण याडीला आपल्याच रडण्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. पत्राचे तुकडे नाल्यात सोडले. सोनीबाईनं आम्हाला सुनेच्या केसांतून सोडवलं.

मग वर्षभर आम्ही चिंधीत गुंडाळून ज्वारीच्या कणगीत पडून होतो. घुगरीला मुकं राहण्याएवढी मोठी शिक्षा नाही. मला मानीबाईच्या गालाची ऊब आठवे आणि जीव कासावीस होई.

एक दिवस सोनीबाई म्हणाली, "इकून टाक. कोनाच्या कामाच्या आता?" मानीबाईनं आम्हाला ओढणीच्या टोकाला बांधलं आणि ती दारव्ह्याला गेली. सोनाराकडे जाण्याआधी मीठ घ्यायला ती बाबारावांच्या दुकानी थांबली.

"बरं झालं आली. तुह्या मालकाचं पत्र आलं आज," बाबाराव म्हणाले आणि पत्र देता देता त्यांनी त्याचा कोपरा टरकन फाडला. "तिकीट तेवढं ठेवतो. जिराफ हाये त्याच्यावर. माह्या पोरीले तिकिटं जमवाचा नाद लागला. मागल्या खेपेलेही मीच काढलं."

मानीबाईच्या हातून मिठाची पुडी पडली. "मागल्या पत्राचा कोपरा तुमी फाडला?"

"हो. काहून?"

"वाचा," ती एवढंच म्हणाली.

पत्रात लिहिलं होतं, 'मागच्या पत्रात तुला इकडे बोलावले होते. इकडच्या शेठने राहायला खोली दिली होती. दहा महिने वाट पाहिली, जबाब नाही. तुझे मन नाही असे समजून आणखी पाच वर्षांचा करार केला. आईला सांभाळ.'

बाबारावांनी फाडलेला कोपरा पत्रावर परत ठेवला. मानीबाईनं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. ती दुकानाच्या पायरीवर बसली, ओढणीची गाठ सोडली आणि भर बाजारात, आरशाशिवाय, आम्हाला वेणीत गुंफू लागली. मग ती म्हणाली, "आता लिवा. मागलं पत्र म्या वाचलंच नोतं, हे सगळ्यात आंधी लिवा."

जबाब गेला, उत्तरही आलं. पण तिकडची खोली दुसऱ्याला दिली गेली होती आणि सही केलेला करार मोडता येत नव्हता. सोनीबाई लेकाची वाट पाहतच गेली. आज १९६३ साल आहे. दोन वर्षं उरली आहेत.

मित्रांनो, मला चिंचेनं घासा, लख्ख ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझी काळजी मानीबाई घेते. माझं मागणं पत्रासाठी आहे. कुणाचं पत्र तुमच्या हाती आलं तर ते आहे तसं पोचवा. ज्याला वाचता येत नाही, त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा. कोपरा फाटका असला, तरी वाचा.

मानीबाई आता मास्तरांकडे अक्षरं शिकते. ती पाटीवर वाकली की आम्ही पुढे लोंबतो आणि मध्ये येतो. ती आम्हाला कानामागे सारते आणि सगळ्यात आधी शिकलेला शब्द पुन्हा गिरवते: 'ये'.