आई एकाही फोटोत नाही

अनुराधाचे वडील विश्वनाथराव कारखान्यात ड्यूटीवर असतानाच छातीत कळ येऊन गेले. घरात असं झालं की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. अनुराधाला टोरांटोच्या उदयचं स्थळ आधीच सांगून आलं होतं, आणि त्याला तीन वर्षं कोण थांबवून धरणार? तेव्हा अकराव्या महिन्यात, कारखान्याच्या वसाहतीतल्या, पिपलानीच्या कम्युनिटी हॉलमध्ये, साठ माणसांत, बँड न लावता लग्न लागलं. कन्यादान तिच्या थोरल्या काका-काकूंनी केलं. नवरीची आई, रत्नप्रभाबाई, हॉलमागच्या कोठीत नारळ पुसत बसून राहिल्या.

त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. क्वार्टरांमधल्या बायका शिकल्यासवरलेल्या, कुणी नावं ठेवली नसती. पण आपली सावली मुलीच्या मंगळसूत्रावर पडायला नको, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं आणि पदराने डोळेही पुसले. असल्या त्यागाचं एक बरं असतं, कुणाला विचारावं लागत नाही.

बाराव्या दिवशी उदय परत गेला आणि त्याने बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज भरला. दिल्लीला वकिलातीतल्या मुलाखतीत गोऱ्या बाईंनी लग्नाचा अल्बम दोनदा चाळला. महिन्याभराने नकाराचं पत्र आलं. लग्न घाईत झालं, पाहुणे मोजके, आणि वधूची आई एकाही फोटोत नाही. सबब हे लग्न देशात शिरण्यापुरतं केलेलं दिसतं.

रत्नप्रभाबाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. अन्न गोड लागेना. मुलीच्या वाटेत दगड म्हणून आपणच पडलो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

उदयने अपील केलं. सुनावणी तिकडे, साक्षी इकडून फोनवर. एकीची चालू असताना दुसरीने घरात थांबायचं नाही. त्याने आदल्या दिवशी बजावलं, "आई, वकील म्हणतात, खरं तेच सांगा. नवरा गेलेली बाई आपल्याकडे मागे राहते, एवढं सांगितलंत की झालं."

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. आधी अनुराधा बोलली. मग ती शेजारच्या सुनंदाताईंकडे गेली आणि रत्नप्रभाबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. दुभाषी हिंदीत बोलणारा होता.

"बेटी की शादी में आप कहां थीं?"

उत्तर पाठ होतं. पण ते जिभेवर येईना. हॉलमागच्या कोठीत होते, कुणी अडवलं नव्हतं, मीच गेले नाही, हे सातासमुद्रापलीकडच्या साहेबाला सांगायचं? हिची आईच लग्नात नव्हती, असं माझ्या पोरीबद्दल त्यांनी पुन्हा लिहायचं? एकदम त्यांना वाटलं, ही चूक निस्तरायला देवाने दिलेली हीच संधी आहे.

"मंडप में थी," त्या ठणकावून म्हणाल्या. "सबसे आगे. अक्षता भी मैंने डाली. फोटोवाले का ही ध्यान नहीं गया, उसमें मेरी लड़की का क्या दोष?"

पलीकडे थोडा वेळ कागद वाजले. "पक्का?"

"बिलकुल पक्का."

अनुराधा परत आली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "सांगितलं मी, मांडवात होते म्हणून! आता बघू कसा नकार देतात."

अनुराधा चपला न काढता दारातच उभी राहिली. "मी सांगितलं, तू कोठीत होतीस. का होतीस तेही नीट समजावून सांगितलं. त्यांना पटलं होतं गं."

"मग लाव ना पुन्हा फोन. मी सांगते, चुकून बोलले."

"तो फोन आपल्याला लावता येत नाही, आई."

दीड महिन्याने निकाल आला. दोघींची उत्तरं एकाखाली एक छापली होती. खाली लिहिलं होतं, ज्या लग्नात आई होती की नव्हती यावरच आई आणि मुलगी दोन गोष्टी सांगतात, त्या लग्नावर विश्वास ठेवता येत नाही. त्या रविवारी उदय फोनवर चिडून म्हणाला, "तुमच्या घरात खरं बोलणं एवढं अवघड आहे का?" पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पावसाळ्यात त्याच्या आईचं पत्र आलं, की पोरगा एकटा किती वर्षं काढणार, तुम्हीच विचार करा.

अनुराधाने ते वाचून घडी करून ठेवलं. रडली नाही. रत्नप्रभाबाईच रडत होत्या. "माझ्यामुळे झालं गं सगळं. मला वाटलं, मी मांडवात होते म्हटलं तर तुझं भलं होईल."

"अंतरपाट धरला होता ना," अनुराधा म्हणाली, "तेव्हा मी कोठीच्या दाराकडे बघत होते. तू येशील असं मला शेवटच्या अक्षतेपर्यंत वाटत होतं."

रत्नप्रभाबाई काहीतरी बोलायला उठल्या. तोवर ती आतल्या खोलीत गेली होती, आणि तिने आतून कडी लावून घेतली.