घड्याळाच्या झाकणातली खूण

"आई, कोरणाऱ्याचा तिसऱ्यांदा फोन आला. आज मजकूर दिला नाही तर पाटी रविवारपर्यंत होणार नाही म्हणतो."

"मग पहिले दोन शब्द खोड आणि दे."

मुलीनं कागद पुन्हा वाचला. नाव, दोन तारखा आणि खाली एक ओळ: प्रेमळ पती, वडील आणि आजोबा यांच्या स्मरणार्थ. वडिलांच्या घड्याळांच्या दुकानासमोरच्या बागेत त्यांच्या नावानं बाक द्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. रविवारी नातवंडं येणार होती.

"प्रेमळ पती खोडू?"

"वडील, आजोबा राहू दे. त्याबद्दल माझी तक्रार नाही."

"अगं, पण झालं काय?"

"संध्याकाळी सांगते," म्हणून काकूंनी चप्पल पायात सरकवली.

सगळा बाजार त्यांना काकूच म्हणायचा, आणि त्यांच्या घड्याळजी नवऱ्याला काका. एकेचाळीस वर्षांचा संसार. काका दर गुरुवारी जेवून एक वाजता निघायचे ते पाचला परतायचे. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी द्यायला जातो, असं सांगायचे. काकूंनी कधी शंका घेतली नाही. मनोऱ्याला पायऱ्या पुष्कळ, म्हाताऱ्याला वेळ लागणारच.

काका गेल्यावर आठव्या दिवशी मनोऱ्याचा पहारेकरी भेटायला आला. चहा पिता पिता म्हणाला, "काका गेले आणि मनोरा पोरका झाला असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? सहा वर्षांपूर्वी घड्याळ विजेवर केलं, तेव्हापासून त्यांचं येणंच बंद झालं."

काकूंनी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तो जिना उतरला आणि काकू खुर्चीत बसून गुरुवार मोजायला लागल्या. सहा वर्षांचे गुरुवार बोटांवर मावत नव्हते.

मग एकेक आठवायला लागलं. गुरुवारच्या शर्टाच्या बाहीला रेशमाचे बारीक तुकडे चिकटलेले असायचे. निळे, कधी तांबडे. धुताना त्यांनीच ते वेचून टाकले होते. मनोऱ्यावर रेशीम कुठून येणार?

काल त्यांनी दुकान उघडलं. गिऱ्हाइकांनी न नेलेली घड्याळं खणात होती. दुरुस्ती झाली की काका मागच्या झाकणाच्या आत सुईनं तारीख आणि आपली खूण कोरायचे. बाहेरून ती कुणाला दिसत नसे. झाकण उघडायला काकू केव्हाच शिकल्या होत्या. त्यांनी भिंग लावलं. जुन्या घड्याळांतली खूण ओळखीची होती, शेपूट वाकडं, घाईतलं. नव्या घड्याळांत तीच खूण होती, पण कशी? ओळीत, एकसारखी, जणू कुणी टाका घातलाय. तारखा कॅलेंडरवर ताडून पाहिल्या. एकूण एक गुरुवार.

दुकान आठवडाभर उघडं आणि काम तेवढं गुरुवारी? आणि हे अक्षर तर त्यांचं नव्हेच.

शेजारच्या शिंप्याला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, आपल्या इथे रेशमाचं काम कोण करतं?"

"भरतकामवाली आहे ना, गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. काका जायचे की..." शिंप्यानं जीभ चावली आणि सुईत दोरा ओवायला लागला. सुईत दोरा आधीच होता.

आणि आज गुरुवार होता. एक वाजता काकूंनी दुसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं. ते लगेच उघडलं, वाट बघत असल्यासारखं. पन्नाशीची बाई. कपाळावर सरकवलेलं भिंग काकांचं होतं. काकूंनी ते पट्ट्यावरनं ओळखलं. पट्ट्याला त्यांनी स्वतःच फडकं गुंडाळून दिलं होतं.

"या काकू. तुम्ही येणार हे ठाऊक होतं. एवढा उशीर कराल असं वाटलं नव्हतं."

"मला ओळखतेस?"

"तुमची भाजी खारट झाली तरी मला कळायचं."

काकू बसल्या नाहीत. खिडकीशी टेबल होतं. एका बाजूला रेशमाच्या लडी, दुसऱ्या बाजूला चिमटे, पेचकस आणि वाटीएवढ्या डब्यांत चाकं.

"सरळ विचारते. माझ्या नवऱ्याचं इथे काय होतं?"

"हात," ती म्हणाली. "म्हणजे त्यांचे चालेनासे झाले, म्हणून माझे. माझं भिंतीवरचं घड्याळ लावायला आले होते. एक स्क्रू तीनदा पडला. चौथ्यांदा मी सुईच्या टोकानं उचलून बसवला. माझ्याकडे बघत राहिले. पुढच्या गुरुवारी पिशवी भरून घड्याळं घेऊन आले. ते सांगायचे, मी करायचे."

"आणि ती खूण?"

"तीही मीच. त्यांना जमत नव्हती."

काकूंनी पर्समधनं एक मनगटी घड्याळ काढलं. "कोर. माझ्यासमोर."

बाईनं झाकण काढलं, सुई घेतली. कोरताना ती पुटपुटत होती, "श्वास रोखू नको गं, सोड. घड्याळ काही पळून जात नाही." ते बोलणं काकांचं होतं, अगदी त्याच हेलात. काकू पलंगाच्या कडेला बसल्या. खूण तीच होती, टाक्यासारखी.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मलाही शपथ घातली होती. म्हणायचे, तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालेल."

"घातलंच असतं!"

"बघा."

"पण तुझ्यासमोर हात थरथरलेले चालायचे?"

"मी परकी. माझ्यासमोर कसली लाज?"

काका पेपर टेबलावर पसरून वाचायला लागले होते, हे काकूंनी पाहिलं होतं. शर्टाची बटणं आपणच लावायला लागलो, हेही. कप अर्धाच भरायचा, ही सवय कधी लागली ते आठवत नव्हतं. तेव्हा विचारलं असतं तर? पण त्यांनी विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही. दोघांनी मिळून सहा वर्षं एकच गोष्ट लपवली, एकमेकांपासून.

फोन वाजला. मुलगी होती.

"आई, कोरणारा आज लवकर दुकान बंद करतोय. 'वडील आणि आजोबा' एवढंच सांगू? लोक विचारतील गं, पती कुठे गेला म्हणून."

"पती घाल."

"प्रेमळ पती?"

"प्रेमळ वडील आणि आजोबांना लाव. पतीच्या आधी 'हट्टी' लिही."

"बाकावर हट्टी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बसायला बाक हवाय. बसतील आणि हसतील. लिही म्हणते ना. हट्टी पती."

पलीकडून मुलगी हसली, मग रडली, आणि कोरणाऱ्याला सांगते म्हणाली.

काकूंनी फोन ठेवला. भरतकामवाली चहा ठेवायला उठली होती. तिच्या पाठीकडे काकू बारीक नजरेनं बघत राहिल्या. घड्याळांचं पटलं होतं. पण दर गुरुवारी चार तास माणूस नुसत्या घड्याळांबद्दल बोलेल? एकेचाळीस वर्षांत त्या माणसानं त्यांना सलग चार वाक्यं ऐकवली नव्हती.

"साखर कमी घाल," त्या म्हणाल्या. "आणि मग सांग, आणखी काय काय बोलायचे ते. पहिल्या गुरुवारपासून. एकही सोडायचा नाही."