साबणाचं पोट

आमच्या घरात साबण लवकर संपतो आणि तो मीच संपवते, असा सासूबाईंचा निकाल आहे. त्यावर अपील नाही.

"माझ्या वेळी एक वडी महिनाभर पुरायची," त्या म्हणतात. "तुझा हातच सैल." मग गाडी साबणावरून घरखर्चावर येते. सासऱ्यांच्या एका पगारात त्यांनी या दोन खोल्या घेतल्या, तीन मुलं वाढवली. आम्हाला दोन पगार पुरत नाहीत. मी लाँड्रीत दिवसभर इस्त्री करते, नवरा साबणाच्या कारखान्यात साचे बनवतो. सासरेही त्याच खात्यात, त्याच कामावर होते. काम तेच, खोल्या त्याच, मग पैसा जातो कुठे? उघडच आहे, सुनेच्या हातून. जिला साबण राखता येत नाही, ती पैसा काय राखणार!

गेल्या महिन्यात त्यांनी साबण ताब्यातच घेतला. सुरीने वडीचे तुकडे करून रोज सकाळी माझा तुकडा माझ्या हातावर ठेवू लागल्या. चाळिशीच्या बाईच्या! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा तेव्हा पेपरात तोंड खुपसून बसायचा. हवामानाचा अंदाज तो इतका मन लावून वाचतो, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन तेव्हा कळलं.

रविवारी ट्रंकेतले गरम कपडे उन्हात घालायला काढले, तर तळाशी एक जुनी वडी सापडली. सासऱ्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षी आणलेली, कपड्यांना वास राहावा म्हणून ठेवलेली. वेष्टन तेच, त्यावरचा गुलाबही तोच. मी ती टेबलावर नव्या वडीशेजारी ठेवली आणि दोन्हींची वेष्टनं काढली. जुनी विटेसारखी भरीव होती. नवीचे खांदे तेवढेच रुंद, पण पोट दोन्ही बाजूंनी खपाटीला गेलेलं.

सासूबाईंनी दोन हातांत दोन्ही घेऊन पाहिल्या. मग मुलाकडे पाहिलं.

"हिचं पोट कोणी खाल्लं?"

"साचाच तसा आहे," तो म्हणाला.

"साचा कोण करतं?"

त्याने पेपर खाली ठेवला. "दरवर्षी सांगतात, जरासं आत घ्या, पाहणाऱ्याला कळता कामा नये. आणि बाहेर कुठे बोलायचं नाही."

"मी बाहेरची का?" मी म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, आणि तुम्ही आपले पाऊस वाचत बसलाय!"

साबणाच्या पोटातलं गेलं कुठे म्हणाल, तर कारखान्याच्या मालकांनी यंदा आपल्या बंगल्याशेजारचा बंगलाही घेतला. सध्या मधली भिंत पाडायचं काम चालू आहे.

"आणि तुझा पगार?" सासूबाईंनी विचारलं. "तोही बाहेरून तेवढाच दिसतो का?"

"बाबांपेक्षा आकडा मोठा आहे, आई."

त्यांनी दोन्ही वड्या पुन्हा आपापल्या वेष्टनात गुंडाळल्या. माफी मागणं आमच्या घरात कोणालाच जमत नाही, म्हणून मी वाट पाहिली नाही. कपडे उलटे करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी त्यावर सासऱ्यांची अख्खी वडी ठेवली.

"सगळ्यांनी वापरा," त्या म्हणाल्या. "आणि तू हात सैल सोडून वापर. पुरेल."

मला रडूच आलं. ते दिसू नये म्हणून मी वडी न्हाणीघरात ठेवून आले. नवऱ्याची पहिली पाळी, त्यामुळे आधी तो आत गेला. पाण्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होता. मग तो बाहेर आला आणि माझ्याकडे न पाहता कामावर गेला.

मी आत गेले. वडी कोरडी होती. शेजारी माझा कालचा तुकडा होता, तो ओला होता.