माळाच्या बाजूची फेरी

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी कमलम्माचं चित्त ना आंबिलीत होतं, ना पाहुण्यांत. शेतातल्या कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, पंगत उठली, तरी ती एका जागी बसेना. घटकाघटकेला उठायची, बांधापलीकडचा माळ बघायची, पदर धरून वारा कुठला ते अजमावायची.

संध्याकाळी हेंडगा फिरायचा होता. दिवस मावळताना कडब्याची पेटती पेंढी घेऊन धन्यानं शेताभोवती पळायचं, म्हणजे पिकावरची पीडा टळते, अशी लातूरकडची रीत. पूर्वी त्याचं भय नव्हतं. माळ उघडाबोडका, पेटायला तिथं होतं काय? आता गवत कमरेला लागत होतं आणि वाळून कुडकुडीत झालं होतं.

हा माळ कुणी लावलेला नव्हता. बचतगटाच्या बायका घेऊन कमलम्मानं गावाकडून तिथं कुऱ्हाड आणि शेळ्या बंद करून घेतल्या होत्या, एवढंच. मेली म्हणून सोडलेली पळसाची, धावड्याची खोडं आपसूक फुटली. पाखरांनी बोरीच्या, निंबाच्या बिया आणून टाकल्या. पूर्वी माती घेऊन पळणारं पाणी मुरायला लागलं, अन् विहीर उन्हाळ्यातही तळ दाखवेना. पण गवताच्या बुडाशी अजून बोटभर रोपं होती. एक आग लागली, की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

नवऱ्याला, चन्नबसप्पाला, त्या बंदीपायी शेळ्या विकाव्या लागल्या होत्या. जे लावलंच नाही ते राखायचं कशाला, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. म्हणून दुपारी कमलम्मानं भीतभीतच विषय काढला, की यंदा माळाची बाजू सोडून फेरी मारावी.

नांदेडहून आलेला धाकटा दीर उमाशंकर हसला. "वैनी, पीडेला काय सांगावा धाडायचा, चौथ्या बाजूनं येऊ नको म्हणून?"

सगळे हसले. चन्नबसप्पा हसला नाही. पेंढी आवळत राहिला. कमलम्मानं पोती भिजवून बांधावर नेऊन ठेवली.

दिवस टेकला. हेंडगा पेटला. चन्नबसप्पा गव्हाकडून पळत निघाला, मागं पोरांची आरोळी. माळाच्या कोपऱ्यावर वारा फिरला. ठिणग्या बांध ओलांडून गवतात पडल्या आणि जाळ फर्रकन उठला.

कमलम्मा पोतं घेऊन धावली. तेवढ्यात चन्नबसप्पानं हातातला हेंडगा मागं, आपल्याच हरभऱ्यात भिरकावला आणि खांद्यावरच्या नव्या शालीनं गवत झोडपायला लागला. उमाशंकरनंही एक पोतं उचललं. जाळ दबला, तोवर चटईएवढा तुकडा काळा झाला होता. इकडं हरभऱ्याचा कोपरा करपून धुमसत होता.

"दादा, हेंडगा पिकात टाकलास? सणाच्या दिवशी?" उमाशंकरचा आवाज उतरला होता.

"हरभरा पुढल्या साली पेरता येतो," चन्नबसप्पा धापा टाकत म्हणाला. मग माळाकडं हात केला. "हे मला पेरता येत न्हाई."

पाहुण्यांत कुजबूज झाली, अपशकुनाची. घरी परतायला भांडी जीपमध्ये चढली, हॉर्न वाजला. चन्नबसप्पा हलला नाही. गुडघ्यावर बसून राखेत हात फिरवत राहिला.

कमलम्मा बोलवायला आली.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "अजून गरम हाय."

तिनं जीपला हातानंच जा म्हणून खुणावलं आणि पोतं पुन्हा भिजवायला विहिरीकडं वळली. वारा अजून पडला नव्हता.