चढावरचा ढावलो

लग्नाला जायचं नाही असं नंदाबाईनं महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिनं सांगितलं म्हणजे तांड्यात त्यावर कुणी बोलत नसे. मुलगा शाम तरी बोलून पाहत होता.

"याडी, यंदा तांड्यात कोणाच्याच दारात मांडव नाही. कापसानं दोन वर्षं काय केलं ते तू पाह्यलं नाही का? पांढरकवड्याले सामुदायिक विवाह आहे. चाळीस जोडपे. मांडव त्यायचा, जेवण त्यायचं, नवरीचं लुगडंही त्यायचंच."

"आन् पोरगी?" नंदाबाई म्हणाली. "पोरगी तरी आपली आहे का तेही त्यायचीच?"

"असं काहून बोलतं वं?"

"माही नात चाळीस जणींच्या लायनीत उभी राहीन, शाळेत सुई टोचाले उभं करतेत तशी. मी नाही येत. जाय तू."

शामही तिचाच मुलगा. "चल ना याडी" एवढे तीन शब्द त्यानं काही उच्चारले नाहीत, आणि ते ऐकल्याशिवाय हिची पायरी उतरायची तयारी नव्हती.

खरी गोष्ट वेगळीच होती, ती दोघांनाही ठाऊक होती. तांड्याच्या रीतीनं नवरी निघताना ढावलो गाते. गाणं म्हणा, रडणं म्हणा. घरच्या बाईच्या गळ्यात पडून सुरात रडायचं आणि रडता रडता सगळं बोलून घ्यायचं. कोणी मारलं, कोणी ताटातलं काढून दिलं, कोणत्या झाडाखाली दुपारी झोप लागली. शब्द जिचे तिला सुचतात, पण पहिला सूर मोठ्या बाईनं लावायचा. नवरी होणारी वर्षा चार वर्षांची असतानाच तिची आई गेली होती. सूर लावणारी एकटी नंदाबाईच उरली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे गेले. नंदाबाईनं अंगण झाडलं. थोड्या वेळानं पुन्हा झाडलं. तिसऱ्यांदा झाडू हातात घेतला तेव्हा तिचं तिलाच हसू आलं आणि मग हुंदका आला. झाडू टाकून ती पुतण्याच्या घरापुढे जाऊन उभी राहिली. भावसिंगची काळीपिवळी होती, वणी ते करंजी सवाऱ्या मारायचा.

"भाव्या, गाडी काढ."

"कुठं, काकी?"

"तुह्या सासरी! कुठं म्हणून इचारतं? पांढरकवड्याले. लवकर!"

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ठीक होतं. तिथून पुढे वणीच्या खाणीतून निघालेले कोळशाचे ट्रक, एकामागं एक. धूळ काळी, धूर काळा, मागं लटकलेल्या फडक्यांतून गळणारं पाणीही काळं. भावसिंगनं दोन ट्रक मागं टाकले, तिसऱ्यापाशी त्याचा मोबाईल वाजला. शाम होता. भावसिंगनं ऐकलं आणि फोन खाली ठेवला.

"काकी, लगन लागलं. लवकरच उरकवलं म्हणते, समारंभाले आलेल्या साहेबाले दुसरीकडं जायचं होतं. वर्षाची जीप निघाली. दिवस बुडायच्या आत सासरच्या तांड्यात शिराचं आहे त्याईले."

"कोणत्या रस्त्यानं?"

"ह्याच. वणीकडं. पण जीप पाहुण्यांची हाय, त्यायच्यात कोणापाशी मोबाईल नाही. अन् चाळीस गाड्या हायेत काकी, सगळ्याईले झेंडूच्या माळा. सुसाट जातीन समोरून. ओळखू कशी?"

नंदाबाईनं पदर दातात धरला. "घाटाच्या आधी जो चौक लागते तिथं त्या हळू होतीन. तिथं पोच मले. उडव गाडी."

उडवायला रस्ता तर हवा. पुढे चढ लागला आणि चढावर दोन ट्रक. डावीकडचा बैलगाडीच्या चालीनं चालला होता आणि मागच्याला तेवढंही सोसवेना, तो उजवीकडून बाहेर निघाला. निघाला खरा, पण त्याची चाल पहिल्यापेक्षा बोटभरच जास्त. त्याचं नाक याच्या मागच्या चाकापाशी आलं. मग मधल्या चाकापाशी. मग तिथंच राहिलं. दोघांनी मिळून सगळा रस्ता झाकला आणि जोडीनं चढू लागले, जशी काही वरात त्यांचीच.

भावसिंगनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

"हे काय चाल्लं, भाव्या?"

"ओव्हरटेक करून राह्यला, काकी."

"याले ओव्हरटेक म्हणतेत? एवढ्या वेळात म्हैस विते."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. चढाच्या टोकावर समोरून एसटी आली, तिच्या मागं टेम्पो, मोटारसायकली. उजवीकडचा ट्रक एसटीच्या नाकाला नाक लावून थांबला, आणि डावीकडच्याच्या पुढ्यात टेम्पो घुसला. मागं घ्यावा तर मागच्यांनी घुसून घुसून जागाच ठेवली नव्हती. दोन्हीकडून रस्ता गच्च झाला. हॉर्न, शिव्या, ऊन.

नंदाबाई दार उघडून खाली उतरली. घागऱ्याचा घोळ एका हातात, दुसऱ्या हातात वर्षासाठी आणलेलं गाठोडं. भरल्या उन्हात चढ चढून ती उजवीकडच्या ट्रकपाशी गेली आणि दारावर थाप मारली.

"उतर खाली! नाव काय तुहं?"

"हिरासिंग, मावशी."

"हिरासिंग! म्हणजे आपला गोर बंजाराच हायेस की रे मुडद्या! आपल्या आज्यापणज्यांनी हजार हजार बैलांची लदेणी हाकली, मीठ नेलं, धान्य नेलं, बैलाचं शिंग बैलाले लागू दिलं नाही. आन् तुले दोन ट्रकांत दाटी झाली?"

"मावशी, मी निघून जात होतो ना! यानं जराक हळू केलं असतं तर पार झालो असतो." हिरासिंगनं डावीकडे बोट दाखवलं.

डावीकडच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "मी काहून हळू करू? मी माह्या लायनीत हावो. हा मागून आला, हा मागं होईन."

"मी मागं होऊ? अर्ध्याच्या वर निघालो मी!"

नंदाबाईच्या तोंडात पुढची शिवी तयार होती. ती तिथंच विरली. दोघांकडे ती पाहत राहिली. दोघंही खरंच बोलत होते, दोघंही जागचे हलत नव्हते, आणि मधल्यामध्ये कुणा तिसऱ्याचीच वाट अडली होती. महिनाभर एका घरात ती आणि शाम असेच तर अडून उभे होते.

"अरे, कोणीतरी एक व्हा ना मागं," ती हळू आवाजात म्हणाली. "कमीपणा येत नाही त्यानं."

डावीकडच्याला रागावलेली म्हातारी कळली असती, ही कळेना. त्यानं ओशाळून क्लीनरला हाक मारली. मागच्या गाड्या हटवायला भावसिंग आणि आणखी चार जण धावले, कोणी चाकामागं दगड घेऊन उभा राहिला, आणि तो ट्रक हात हात मागं सरू लागला.

नंदाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. एसटीच्या मागं तिला पिवळं दिसलं होतं. झेंडू. एक जीप, दोन जीपा, ओळीनं सगळ्या. ती पळत सुटली.

पहिल्या जीपमध्ये डोकावली. लाल लुगड्यातली पोर. दुसरीच कुणाची. दुसऱ्या जीपमध्ये तसंच लाल लुगडं, तसाच पदर. तिनं हात धरून पोरीची हनुवटी वर केली. "नाही वं माय, तू नाही." ती पोर बिचारी म्हणाली, "आजी, पाणी पेता का?" तिसरीत नवरदेवच झोपला होता. नंदाबाईला वाटलं, आता हा रस्ता मोकळा होईल आणि चाळीसही लाल लुगडी आपल्या डोळ्यांदेखत निघून जातील.

"दादी!"

पाचव्या जीपचं दार उघडलं होतं. वर्षा खाली उडी मारून उभी होती, कोरड्या डोळ्यांची, कोरड्या ओठांची. मांडवात लाउडस्पीकर होता, तिथं कोण कुणाच्या गळ्यात पडणार? दिवसभर सगळे तिला शहाणी पोरगी म्हणत होते, रडली नाही म्हणून.

नंदाबाईनं गाठोडं रस्त्यात ठेवलं, दोन्ही हात पसरले आणि डांबराच्या मधोमध सूर लावला.

वर्षा त्या सुरावर अशी कोसळली की दोघी गुडघ्यांवर बसल्या. पहिल्यांदा शब्दच फुटेनात. मग फुटले. दादी, तू मले आंघोळ घालताना डोळ्यांत साबण घालत होतीस. दादी, कापूस वेचताना तुह्या सावलीत मी चालत होती. दादी, तू आली नाहीस, मी दाराकडे पाहून पाहून फेरे घेतले. नंदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत उत्तर देत होती. म्हातारीची मान लई ताठ होती, माह्या बाई. अंगण झाडत बसली होती ते, माह्या बाई.

तेवढ्यात पुढचा रस्ता सुटला. डावीकडचा मागं झाला, हिरासिंगनं ट्रक बाजूला घेतला, एसटी निघाली. पण तिच्या मागच्या गाड्या आणि चढावरचे ट्रक थांबलेलेच राहिले, कारण रस्त्यात दोन बाया बसल्या होत्या. पुन्हा हॉर्न सुरू झाले.

"ओ आजी, उठा! घरी जाऊन रडा!"

वर्षाची सासू धुरपताबाई जीपमधून उतरली. तिच्या डोक्यात दिवस बुडायची घाई होती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ती दोघींपाशी आली, एक क्षण उभी राहिली. मग गाड्यांकडे तोंड करून तिनं हात आडवा केला.

"थांबजो बाप्पा! पोरगी बोलून राह्यली."

मागून घरी परतणाऱ्या गाडीतून शाम धावत आला. आईला रस्त्यात पाहून तो थबकला. नंदाबाईनं रडता रडताच त्याच्याकडे पाहिलं आणि एक हात त्याच्या बाजूनं पसरला. तोही येऊन खाली बसला. पुरुष ढावलो गात नाहीत. त्यानं नुसतं डोकं आईच्या खांद्याला टेकवलं.

वर्षाचं सांगून झालं. डोळे सुजले, चेहरा मोकळा झाला. नंदाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला उठवून जीपपर्यंत नेलं. लोकांना वाटलं, सुटलो. मागच्या एका ड्रायव्हरनं गिअर टाकला.

पण दोन घरच्या बाया पहिल्यांदा भेटल्या म्हणजे त्यांनीही गळ्यात पडायचं असतं. धुरपताबाईनं आडवा केलेला हात खाली घेतला, नंदाबाईच्या गळ्यात टाकला आणि स्वतःचा सूर लावला, पहिल्यापेक्षा मोठा.

खाली चढावर हिरासिंगनं तो ऐकला. त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि कुणी विचारलं नसतानाही मागं झालेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाला, "कर बंद. आता टाइम लागते."